म्हातारीची विशेषणं

दसऱ्याच्या दिवशी मी एकच विशेषण वापरलं आणि मेव्हण्याच्या कारखान्यातल्या सगळ्या माणसांची तोंडं उतरली.

मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. साजगावच्या बाजूला एक कारखाना आहे, तिथे तो बॉयलरवर कंत्राटी कामगार. दसऱ्याला यंत्रांची पूजा असते आणि त्या दिवशी घरच्यांना आत सोडतात, म्हणून आम्ही दोघं गेलो होतो. बॉयलरला झेंडूच्या माळा, पत्र्यावर हळदीकुंकवाची बोटं, पुढ्यात नारळाचा ढीग. माणसं हात जोडून गप्प उभी. मी पडलो शाळामास्तर. समोर चार माणसं गप्प दिसली की आता आपण बोललं पाहिजे असं मला वाटतंच. तेव्हा मी चांगलं मोठ्यानं, कौतुकानं म्हटलं, "केवढा जुनाट झालाय हो हा बॉयलर."

एकानं ताटातलं लिंबू उचललं, बॉयलरवरून उतरवलं आणि दाराबाहेर नेऊन टाचेखाली फोडलं. मेव्हण्यानं मला कोपराला धरून बाजूला घेतलं.

"भावोजी, असं बोलायचं नाय म्हातारीसमोर."

"कुठली म्हातारी?" मी इकडंतिकडं पाहिलं. त्यानं नुसती हनुवटी बॉयलरकडे केली.

परतताना शिळफाटा येईपर्यंत बायको रिक्षात माझ्याशी बोलली नाही.

पुढे मेव्हण्याकडून मला सगळा रिवाज कळला. चालू यंत्राविषयी, त्याच्या देखत, वाईट शब्द काढायचा नाही. नाट लागते. खराब, कमजोर, गळकं, जुनं हे शब्द गेटबाहेर ठेवून आत जायचं. फार मागे कुणीतरी "ही एक दिवस फुटणार" असं बोलला आणि त्याच आठवड्यात वाफेनं त्याचा हात भाजला, असं सगळे सांगतात. तो कोण होता ते मात्र कुणाला सांगता येत नाही. पाळी बदलताना जाणारा माणूस येणाऱ्याला म्हातारीची खबर देतो, तीसुद्धा जपून. वाफ नीट असली तर "म्हातारी हसतेय". आवाज करायला लागली तर "बोलकी झालीय". आणि नको तिथे तापली तर "लाडात हाय". मला हे इतकं आवडलं की घरात भाकरी करपली तेव्हा "तवा लाडात आलाय वाटतं" असं मी म्हणून पाहिलं. पुढच्या भाकऱ्या मलाच भाजायला लागल्या.

दिवाळीनंतर कारखान्यात नवा मॅनेजर आला. लांबच्या राज्यातला, मराठी शून्य, हिंदी जेमतेम. त्यानं सांगितलं की कंत्राटातल्या काही जणांना कायम करायचंय, पण मुलाखत तो स्वतः घेणार आणि इंग्रजीत घेणार. मेव्हणा त्या कंत्राटावर वर्षानुवर्षं घासत होता. बरोबरचे किती जण पेण-पनवेलकडे निघून गेले. हा म्हातारीला सोडून गेला नाही, आणि आता कायम झाला नसता तर मग कधीच झाला नसता. बायकोनं मला न विचारता माझे रविवार त्याला देऊन टाकले.

वर्ग भरायचा तिच्या माहेरच्या समाजमंदिरात, सकाळचा. एक जुना फळा मी शाळेतून मागून आणला होता. तो जुना आहे हे मी मुद्दाम दोनदा मोठ्यानं बोललो. फळ्याचं कुणाला काही वाटलं नाही. पोरं पाच-सहा, सगळी बॉयलरच्या आसपासची. शिवाय भाई. भाई पलीकडच्या शेडमधले, निवृत्तीला आलेले, त्यांना मुलाखत-बिलाखत काही नव्हती. त्यांचे वाडवडील किनाऱ्याकडून इकडे आलेले. खोपोलीत भावाचं दुकान आहे. "सुट्टीच्या दिवशी दुकानात बसून भावाचं तोंड बघायचं, त्यापेक्षा तुमचं बघतो," असं म्हणून ते मागच्या सतरंजीवर भिंतीला टेकून बसायचे.

मी विशेषणांपासून सुरुवात केली. नामं त्यांना येतच होती. व्हॉल्व्ह, पंप, पाईप, गेज, डोअर. कारखान्यात नामं सगळी इंग्रजीच असतात. ती कशी आहेत हे तेवढं सांगता येत नव्हतं.

मी म्हटलं, आपल्या मराठीत विशेषण नामाचं तोंड बघून बोलतं. जुना पंप, जुनी मोटर, जुनं गेज. बुवा आला की बुवासारखं, बाई आली की बाईसारखं. इंग्रजीत तसं नाही. ओल्ड पंप, ओल्ड मोटर, ओल्ड गेज. एक असो की ढीगभर असोत, ओल्ड ते ओल्डच.

"म्हंजे कुणापुढं वाकायचं नाय," मेव्हणा बोलला. "भावोजी, तुमच्या उलट."

पोरं हसली. बायको तेव्हा दारात चहाची किटली घेऊन उभी होती, तीही हसली. मग मास्तरकीची लाज राखायला मी सांगितलं की न वाकणारी विशेषणं आपल्याकडेही आहेत. लाल, जड, गरम. गरम भात, गरम चपाती, गरम दूध. "गरम" ऐकल्यावर भाईंनी मागून मान हलवली, पण ते हसले नाहीत.

पुढच्या रविवारी जागा शिकवल्या. इंग्रजीत विशेषणाला बसायला दोन जागा. एक नामाच्या आधी, हॉट डोअर. दुसरी "इज"च्या नंतर, डोअर इज हॉट. पहिल्या जागेवर बसलं की ते आडनावासारखं होतं, सगळे ते धरूनच चालतात. दुसऱ्या जागेवर बसलं की ती बातमी होते. हा आडनावाचा दाखला मला खडू हातात असताना सुचला आणि मी स्वतःवर एवढा खूश झालो, की समोरची माणसं कुठली बातमी देतायत इकडे माझं लक्षच राहिलं नाही.

एक मात्र माझ्या ध्यानात आलं. विशेषणं त्यांना फार पटापट यायला लागली होती. लूज, वीक, रस्टी, नॉइझी. ज्या शब्दांना मराठीत ही माणसं गेटबाहेर ठेवत होती, तेच इंग्रजीत बिनधास्त. मी मेव्हण्याला बाजूला घेऊन विचारलं, आता नाट नाही का लागत?

"म्हातारीला इंग्लिश कुठं येतं," तो बोलला.

मग आल्या तुलनेच्या पायऱ्या. मराठीत कालपेक्षा गरम असं म्हणावं लागतं. गरम बिचारं तसंच राहतं, "पेक्षा" बाहेरून येऊन बसतं. इंग्रजीत शब्दालाच शेपूट फुटतं. हॉट, हॉटर, हॉटेस्ट. शब्द लांबडा असला तर शेपूट झेपत नाही, मग पुढे "मोअर" लावायचं. मी सांगितलं, पुढच्या रविवारी आपापल्या कामाच्या जागेवरची वाक्यं तयार करून या.

रविवारी मेव्हणा सगळ्यात आधी उभा राहिला. "बॅक डोअर इज हॉट. धिस वीक बॅक डोअर इज मोअर हॉट."

"मोअर हॉट नाही. हॉटर."

"हॉटर," तो बोलला.

मी शाबास म्हटलं. तो खाली बसला नाही. "पेंट इज ब्लॅक."

वाक्य बरोबर आहे, मी म्हटलं, पण यात तुलना कुठे आहे?

बाकीची पोरं खाली बघत होती. "बिफोर," तो बोलला, "पेंट वॉज सिल्व्हर."

मी पुन्हा शाबास म्हटलं.

आमचं घर शिळफाट्याला. वारा तिकडून असला की कारखान्याचा भोंगा आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येतो. बायको लहानपणापासून तो ऐकत आलीय. पाळीचा भोंगा झाला तर ती मानही वर करत नाही, पण अवेळी वाजला की हात जिथल्या तिथे थांबतो, पोळी तव्यावर असली तरी. त्या रविवारी दुपारी ती मेथी निवडत बसली होती आणि मी, थोडं श्रेय आपल्याकडे घ्यावं म्हणून, तिच्या भावाची प्रगती सांगत होतो. त्याची वाक्यं त्याच्याच आवाजात म्हणून दाखवली. मोअर हॉटचं हॉटर कसं केलं तेही सांगितलं.

तिनं ती वाक्यं हळूहळू मराठीत आणली. मागचं दार गरम आहे. या आठवड्यात जास्त गरम आहे. रंग काळा पडलाय. आधी चंदेरी होता. सगळं बरोबर होतं. मी तिलाही शाबास म्हणणार होतो.

"कसलं मागचं दार?" तिनं विचारलं.

म्हातारीचं, मी म्हटलं. बॉयलरच्या पाठीला एक मोठं लोखंडी दार असतं, साफसफाईला उघडायचं.

"आणि हा कुठं असतो तेव्हा?"

ते मला चांगलं माहीत होतं. बॉयलरची पाठ आणि मागची भिंत यांत एक बोळकंडी आहे. दसऱ्याला मी कुतूहलानं तिच्यात शिरायला गेलो होतो आणि माझं पोट आडवं आलं होतं. मेव्हण्याला दर पाळीत पुन्हापुन्हा तिथून जावं लागतं, मागचा व्हॉल्व्ह बघायला. अंग चोरून, दाराकडे पाठ करून. हे सांगता सांगता माझा आवाज आपोआप बारीक होत गेला.

"आणि तुम्ही त्याला काय म्हणालात?"

मी सांगितलं. दोनदा, हेही सांगितलं. तिनं मेथीचं ताट बाजूला सारलं.

तिनं लगेच त्याला फोन लावला आणि मलाही ऐकू यावं म्हणून मध्ये धरला. तो मजेत होता. "अगं काय नाय ताई. लाडात हाय जरा."

फोन ठेवल्यावर ती म्हणाली, दिवाळीतही तो हेच म्हणाला होता. त्याच्या आधीही. माझ्या तेव्हा डोक्यात आलं की "लाडात"ला शेपूट नाही. थोडी तापली तरी लाडात, रंग जळून काळा झाला तरी लाडातच. दुरुस्तीवाला माणूस इथलाच, खालापूरकडचा. त्यालाही पोरं तेच सांगत होती, आणि तो हसून "बघू" म्हणत होता.

संध्याकाळी आम्ही दोघं तिच्या माहेरी गेलो. मुलाखत त्याच आठवड्यात होती. मी सगळ्यांना एक उत्तर घोटून पाठ करून दिलं होतं. मॅनेजरनं तुमचा बॉयलर कसा आहे असं विचारलं, तर "माय बॉयलर इज गुड, क्लीन अँड सेफ, सर." तीन विशेषणं, मध्ये एक अँड, शेवटी सर. पोरं ते प्रार्थनेसारखं म्हणायची. बायकोनं भावाला सांगितलं, ते उत्तर म्हणायचं नाही. मास्तरांना म्हणून दाखवलंस तेच म्हणायचं.

मेव्हण्यानं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. तो म्हणाला, सगळे गुड-क्लीन-सेफ म्हणणार आणि मी एकटा उलटं बोललो तर मला कोण कायम करेल? साहेब म्हणेल, बॉयलर तापला तोवर तू काय झोपला होतास? त्याच्या बोलण्यात खोट काढायला मला जागा दिसली नाही.

"कायम व्हायला तू असायला पायजे ना रं?" बायको म्हणाली. माहेरी गेली की तिची भाषा तिथली होते. आम्ही जेवून परत आलो.

मुलाखतीच्या दिवशी मला शाळा होती, पण मी अर्धी रजा टाकली. करणार काहीच नव्हतो, नुसता घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत होतो. दुपारी साजगावकडचा वारा मंद झाला होता. भांडी घासता घासता बायकोचा हात थांबला. मला आधी काही ऐकू आलं नाही. मग आलं. भोंगा वाजत होता, आणि ती पाळीची वेळ नव्हती. तो नेहमीपेक्षा लांब वाजला, मध्येच तुटला, पुन्हा वाजला. ती ओल्या हातांनी गॅलरीत जाऊन उभी राहिली. तिथून कारखाना दिसत नाही. समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी दिसते. ती टाकीकडेच बघत राहिली. मी फोन लावत होतो, तो लागत नव्हता. धूर दिसतोय का असं विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं, तेवढी अक्कल मी राखली.

फोन त्याचाच आला, अंधार पडायच्या आत. मुलाखतीत मॅनेजरनं तोच प्रश्न विचारला होता. मेव्हणा "माय बॉयलर इज" इथपर्यंत आला आणि पुढचा शब्दच सुचेना. मग तो म्हणाला, "हॉट, सर. बॅक डोअर. लास्ट वीक हॉट. धिस वीक हॉटर." मॅनेजरनं पुढचा प्रश्न विचारला नाही. तो उठला, त्याच्याबरोबर खाली आला, बोळकंडीत शिरला आणि दारापासून हातभर लांबूनच मागे फिरला. त्यानं जागेवर बॉयलर बंद करायला लावला. भोंगा त्याचाच होता, माणसं बाहेर काढायला.

म्हातारी निवायलाच बरेच दिवस लागले. दार उघडलं तेव्हा आतल्या विटा ढासळून पायाशी ढीग झाला होता. आग सरळ लोखंडाला चाटत होती. दार बाहेरच्या अंगाला फुगलं होतं, "भाकरी फुगते तसं," असं मेव्हणा म्हणाला. त्यानंतर आमच्याकडे कुणी तवा आणि लाड यांचं नाव काढलं नाही.

मेव्हणा कायम झाला. मॅनेजरनं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि त्याला बॉयलरवरून काढून पलीकडच्या शेडमध्ये, भाईंच्या हाताखाली, मोठ्या कामावर नेमलं. बायकोनं पेढे वाटले. पण बॉयलर बंद होता तेवढे दिवस बाकीची पोरं घरी बसली होती, आणि घरी बसलेल्या माणसाला विचार करायला वेळ मिळतो. बॉयलर पुन्हा सुरू झाल्यावरच्या पहिल्या रविवारी मी समाजमंदिर उघडून, फळा पुसून बसलो, तर एकटे भाई आले.

"पोरं नाय यायची, मास्तर," ते आपल्या सतरंजीवर टेकत म्हणाले. "ते बोलतात, दसऱ्याला मास्तरांनीच पयला शब्द टाकला. लिंबू फुकट गेलं."

मी म्हटलं, मग आज सुट्टी. भाई म्हणाले, आलोय तर शिकवा. ते पहिल्यांदाच पुढच्या रांगेत येऊन बसले. काय शिकवू, मी विचारलं.

"कागदासारखं झालं असंल, त्याला काय बोलतात?"

"थिन."

"थिन." त्यांनी अंगठा आणि बोट जवळ आणून एकमेकांवर घासलं. "आनि आधीपेक्षा जास्त झालं असंल तर?"

"थिनर."

"रंगात घालतात ते?"

ते वेगळं, मी म्हटलं. ते हसले. मग हसू गेलं आणि बोटं तशीच घासत राहिली. "आनि त्याच्या पुढं?"

"थिनेस्ट."

"त्याच्या पुढं?"

"त्याच्या पुढे काही नसतं भाई. तीनच पायऱ्या."

"हां," ते म्हणाले. "मला तसंच वाटलं."

त्यांनी तिन्ही शब्द पुन्हा एकदा म्हटले, एकही उच्चार न चुकता. मी शाबास म्हटलं. ते उठले, टोपी नीट केली आणि गेले. मी फळा पुसला, कुलूप लावलं आणि रमतगमत घरी आलो. पोरं गेली तरी एक विद्यार्थी टिकला, आणि तोही या वयात, या आनंदात मी होतो. वारा पुन्हा साजगावकडून सुटला होता. मेव्हणा त्या दिवशी पहिल्या पाळीला होता, भाईंच्या शेडमध्ये.

दारात उभ्या उभ्याच मी बायकोला सगळं सांगितलं. भाईंनी काय विचारलं, मी काय सांगितलं, पायऱ्या कशा तीनच असतात. तिचा हात मध्येच थांबला. मी कान देऊन ऐकलं, पण भोंगा वाजत नव्हता.

"पातळ काय झालंय, ते विचारलंत का?" ती म्हणाली.

मी एक चप्पल काढली होती.

"घाला ती परत," ती म्हणाली.